थंडी सरताना सांदवाडीची तयारी : वाफा मे महिन्याच्या पाण्यावर मोजा



संक्रांत झाली. धानाचे पुंजणे मळून झाले, काही धान विकले गेले, काही घरच्या कोठीत पडले. बांधीत लाखोरी फुलावर आहे, पाळीवरची तूर कापणीला आली आहे. ज्यांच्याकडे ओलिताची सोय आहे, त्यांची उन्हाळी धानाच्या पऱ्ह्यासाठी धावपळ सुरू आहे. या सगळ्या गडबडीत घरामागची सांदवाडी मात्र कोणाच्या ध्यानात राहत नाही.

आज आपल्या सांदवाडीत जाऊन बघा. वालाचा वेल सुकत आला असेल. मेथी फुलावर गेली असेल. सांबार बियांवर आला असेल. वांग्याची चार झाडे कशीबशी उभी असतील. आणखी पंधरा दिवसांनी कुंपणाचा झापा उघडा पडेल, शेळ्या आत शिरतील आणि मृगाचा पाऊस येईपर्यंत ती जागा मोकळीच राहील. म्हणजे फेब्रुवारीपासून जूनपर्यंत, पुरते चार महिने, हिरव्या भाजीसाठी आठवडी बाजार किंवा गावात येणारा भाजीवाला, एवढाच आधार. हाताशी पैसा कमी असतो तेही हेच दिवस. मग ताटात काय येते? भात, लाखोरीची किंवा तुरीची डाळ, बटाटा आणि कांद्याचे बेसन. घरातली पोरे आणि बाळंतीण बाई यांना पालेभाजी लागते ती नेमकी याच काळात मिळत नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत मोठ्या माणसाच्या दिवसभराच्या ताटात सुमारे ४०० ग्रॅम भाजीपाला धरला आहे. पाच माणसांच्या घराला रोज दोन किलो झाली. एवढी सगळी भाजी सांदवाडीतून निघेल असे सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. पण उन्हाळाभर दोन दिवसांआड पालेभाजी आणि जवळपास रोज एका वेळची शेंगभाजी किंवा फळभाजी निघू शकते. त्यासाठी तयारी आत्ता, थंडी सरायच्या आत, व्हायला पाहिजे.

आधी पाणी मोजा

सांदवाडीचा विषय काढला की गावात एकच उत्तर मिळते, "साहेब, प्यायले पाणी पुरत नाही, सांदवाडीले कोठून आणू?" हा प्रश्न खरा आहे. म्हणून बियाणे, खत, कुंपण हे सगळे नंतर. पहिले काम पाणी मोजण्याचे.

दोन दिवस मोरीच्या तोंडाशी टोपले किंवा जुना ड्रम लावून ठेवा. आंघोळीचे, भांड्यांचे, भाजी-तांदूळ धुतल्याचे असे किती पाणी निघते ते बादलीने मोजा. जलजीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण धरले आहे. तेवढे पाणी खरोखर येत असेल तर पाच माणसांच्या घरी २७५ लिटर वापर होतो. त्यातले निम्म्याच्या वर मोरीतून बाहेर जाते. म्हणजे १५ लिटरच्या दहा बादल्या, १५० लिटर पाणी रोज गल्लीत वाहून जाते. कुठे नळ आठवड्यातून तीनदाच येतो, तिथे हा आकडा कमी भरेल. म्हणूनच दुसऱ्याच्या आकड्यावर जाऊ नका, आपल्या मोरीचे पाणी मोजा.

आता पिकाची गरज बघू. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, वर कोरडा वारा सुटतो. अशा दिवसांत भरात आलेल्या भाजीच्या एक चौरस मीटर वाफ्याला रोज सात ते आठ लिटर पाणी लागते. १५० लिटर पाण्यात सुमारे २० चौरस मीटर भिजतील. फुटात सांगायचे तर २० फूट लांब आणि १० फूट रुंद एवढी जागा. एका गुंठ्याचा हा फक्त पाचवा हिस्सा आहे. तीन माणसांचे घर असेल आणि सहाच बादल्या पाणी निघत असेल, तर १३ फूट बाय १० फूट पुरे.

इथेच बहुतेक सांदवाड्या फसतात. फेब्रुवारीत रोप लहान असते, ऊन कोवळे असते. बोटभर रोपाला तांब्याभर पाणी पुरते. तेवढ्यावर हुरूप येऊन माणूस अर्धा गुंठा लावून बसतो. एप्रिल उजाडला की तेच रोप कमरेएवढे होते, पाणी चौपट मागते, आणि हातपंपावर रांग लागलेली असते. मग अर्धे इकडे, अर्धे तिकडे असे करता करता सगळेच वाळते. म्हणून वाफा फेब्रुवारीच्या पाण्यावर मोजू नका, मे महिन्याच्या पाण्यावर मोजा. लहान वाफा शेवटपर्यंत हिरवा राहिला तर तो मोठ्या वाळल्या वाफ्यापेक्षा दसपट बरा.

मोरीचे पाणी आणि हत्तीपाय

मोरीचे पाणी सांदवाडीत नेण्याचा दुसराही मोठा फायदा आहे. आपला भंडारा जिल्हा हत्तीरोगाच्या जिल्ह्यांत मोडतो. हा रोग पसरवणारा क्युलेक्स डास घाण, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. मोरीच्या तोंडाशी जे काळे डबके असते ते त्याचे माहेरघर. अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. पाणी रोजच्या रोज मातीत जिरले तर डासाला जागाच उरत नाही. हत्तीरोगाच्या गोळ्या वाटल्या जातात तेव्हा त्या घ्याच, पण डबके तसेच ठेवून नुसत्या गोळ्यांवर भागायचे नाही.

यात तीन पथ्ये पाळा. पहिले, संडासाचे पाणी कोणत्याही परिस्थितीत वाफ्यात सोडू नका. दुसरे, कपड्यांच्या पावडरचे पाणी पालेभाजीला देऊ नका. त्यातल्या सोड्याने माती घट्ट होते, वर पापडी धरते. ते पाणी केळी किंवा शोषखड्ड्याकडे वळवा. तिसरे, मोरीचे पाणी मुळाशी द्या, पानावर ओतू नका. सांबार, काकडी यांसारख्या कच्च्या खाण्याच्या गोष्टींना चांगलेच पाणी द्या.

मोरीच्या पुढे दोन फूट लांब-रुंद, दीड फूट खोल खड्डा घ्या. तळाशी विटांचे तुकडे, त्यावर गिट्टी, त्यावर जाड रेती आणि सर्वांत वर तणशीचा थर द्या. तणस वरचा चिकटा आणि खरकटे अडवते. ती आठवड्याला बदला आणि जुनी खताच्या खड्ड्यात टाका. खड्ड्यातून नाली काढून वाफ्यापर्यंत न्या. हे पाणी एक दिवसापेक्षा जास्त साठवून ठेवू नका.

काय काढायचे, काय ठेवायचे

पाण्याचे गणित बसले की साफसफाई. वालाच्या, सांबाराच्या, मेथीच्या निरोगी झाडांवरचे बी आधी काढून घ्या. चांगले वाळवून, चाळलेल्या कोरड्या राखेत मिसळून डब्यात ठेवा. आपल्या म्हाताऱ्या बायांची ही पद्धत आजही तितकीच चांगली आहे.

वांग्याचे जुने झाड निरोगी असेल तर उपटू नका. जमिनीपासून फूट-दीड फुटावर छाटा, बुडाशी माती हलवून दोन ओंजळी कुजलेले शेणखत द्या. नवी फूट येऊन पुन्हा वांगी धरतील. पण पाने बारीक होऊन झुडपासारखा झुबका झाला असेल किंवा झाड एकाएकी माना टाकत असेल, तर तो रोग आहे. ते झाड मुळासकट काढून सांदवाडीबाहेर न्या.

बाकी पालापाचोळा, वाळके वेल पेटवू नका. दहा मिनिटांत जळून जाणारा हा कचरा पुढच्या हंगामाचे खत आहे. विदर्भातलेच नारायण देवताव पांढरीपांडे यांनी त्यासाठी नाडेपची टाकी बसवून दिली. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच अशी विटांची जाळीदार टाकी. तिच्यात चौदाशे-पंधराशे किलो काडीकचऱ्याला शेण लागते फक्त ९० ते १०० किलो, बाकी माती आणि पाणी. तीन ते चार महिन्यांत खत तयार. आज भरलेली टाकी पावसाळी लागवडीला कामी येईल. ज्यांनी दिवाळीच्या सुमारास भरली होती, त्यांनी आता उघडून बघावी.

मातीची मशागत

आपल्याकडे शेताची माती सिहार, मोरांड, कन्हार, बरडी अशी ओळखतात. सांदवाडीची मातीही त्याच डोळ्याने बघा. सिहार रेताड असते, पाणी धरत नाही. तिला शेणखत जास्त द्या आणि पाणी थोडे थोडे पण रोज द्या. कन्हार ओली असताना खणली तर ढेकळे दगडासारखी होतात आणि उन्हात भेगा पडतात. तिला वाफसा आल्यावरच हात लावा. मोरांड मधली, भाजीला चांगली. बरडी मुरमाड असेल तर सगळी खणत बसू नका, फक्त वेलांसाठी खड्डे घ्या आणि बाहेरची माती भरा. गोसीखुर्दच्या पुनर्वसित गावांत ज्यांचे प्लॉट मुरमाच्या भरावावर आहेत, त्यांनाही हाच सल्ला. जुन्या गावाची पिढ्यान् पिढ्या शेणखत खाल्लेली सांदवाडी बुडिताखाली गेली. तशी माती एका वर्षात होत नाही, पण खड्ड्याखड्ड्याने करता येते.

वाफा कुदळीने वीतभर खोल खणा. चार दिवस ऊन खाऊ द्या, मग ढेकळे फोडा. दर चौरस मीटरला दोन ते तीन किलो कुजलेले शेणखत, म्हणजे २० चौरस मीटरला ४० ते ६० किलो, मातीत मिसळा. खत पुरते कुजलेले पाहिजे. हातात घेतले तर भुसभुशीत, शेणाचा वास नाही, असे. कच्च्या शेणाने उधई आणि हुमणी येते. तणस मात्र मातीत पुरू नका. ती कुजताना मातीतला नत्र स्वतःच खाते आणि रोप पिवळे पडते. तणस वरून अंथरण्यासाठी राखून ठेवा.

वेलांसाठी दीड फूट लांब, रुंद आणि खोल खड्डे घ्या. अर्धी माती, अर्धे शेणखत आणि ओंजळभर निंबोळी पेंड घालून भरा.

आपल्या भागात मालगुजारी तलाव पुष्कळ. ज्या तलावातला गाळ एप्रिल-मेमध्ये निघतो, तिथून दहा-वीस टोपली आणून सिहार मातीच्या सांदवाडीत टाकून ठेवा. पुढच्या वर्षी फरक दिसेल.

कोणती भाजी कुठे

मांडव पश्चिमेला घाला. दुपारनंतरचे कडक ऊन तो अडवतो आणि त्याच्या पूर्वेला केलेल्या पालेभाजीच्या वाफ्याला सावली मिळते. मांडवाला बांबूचे डांब आणि वर तुराट्या. पाळीवरची तूर आता निघतेच आहे, तिच्या सगळ्या तुराट्या चुलीत घालू नका. बेशरमीच्या ओल्या काड्या डांब म्हणून रोवू नका, त्या मूळ धरतात आणि मग हटत नाहीत.

मांडवावर लवकी, दोडके, कारले. मधल्या जागेत भेंडी, बरबटी आणि गवार. सावलीच्या बाजूला पालक, चवळाई, अंबाडी आणि थोडा सांबार. मोरीच्या अगदी जवळ, जिथे ओल जास्त, तिथे धोपा आणि एक-दोन केळी. कोपऱ्यात एक मुंगणा लावा. एकदा जीव धरला की त्याला फार पाणी लागत नाही, आणि पाला व शेंगा दोन्ही खायला होतात. टमाटर मात्र या दिवसांत नवीन लावू नका. कडक उन्हात त्याचा फुलोरा गळतो, पाणी फुकट जाते.

पेरणी केव्हा

भेंडी, काकडी, लवकी, कारले यांच्या बियांना ऊब लागते. रात्रीचा गारठा असताना घाईने टोकलेले बी मातीत कुजते. महाशिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत जाते असे आपण म्हणतो. त्या हिशेबाने वसंत पंचमीपर्यंत वाफे-खड्डे तयार ठेवा आणि तिथून गायमुखच्या यात्रेपर्यंत गारठा बघून पेरणी उरका. फार तर होळीपर्यंत. त्यापुढे पेरलेले रोप कोवळ्या वयातच उन्हात सापडते. पालक आणि सांबार तेवढे थंडीत उगवतात, ते आजच टाका.

ज्यांना घाई आहे त्यांनी बी रात्रभर भिजवावे, कारल्याचे चोवीस तास, आणि ओल्या फडक्यात बांधून चुलीजवळच्या उबेत ठेवावे. मोड आला की पळसाच्या पानाच्या द्रोणात माती-खत भरून एकेक बी लावावे. दोन-तीन पाने आली की द्रोणासकट खड्ड्यात ठेवावे. मूळ दुखत नाही, द्रोण कुजून जातो.

भेंडी एका दिवशी सगळी पेरू नका. अर्धी आज, अर्धी पंधरा दिवसांनी. पहिली तोडणी ४५ ते ५० दिवसांनी येते. वाणांमध्ये भेंडीचे परभणी क्रांती किंवा अर्का अनामिका, गवारीचे पुसा नवबहार, दुधीचे सम्राट, काकडीचे हिमांगी ही नावे ओळखीची आहेत. घरचे चांगले बी असेल तर तेही वापरा. भेंडीची पाने पिवळ्या जाळीची झाली तर तो केवडा रोग. पांढरी माशी तो पसरवते. असे झाड दिसताच उपटा. वेलांच्या कोवळ्या पानांवर लाल भुंगेरे पडतात. सकाळी दवात चाळलेली राख धुरळा आणि भुंगेरे हाताने वेचा.

तणस आणि मडके

रोप वीतभर झाले की बुडाशी तीन-चार बोटे जाड तणस अंथरा. माती तापत नाही, ओल उडत नाही, तण कमी येते. खोडाला मात्र चिकटवू नका आणि उधई लागते का ते बघत राहा. वेलाच्या खड्ड्यात कुंभाराकडचे साधे, न रंगवलेले मडके गळ्यापर्यंत पुरा आणि चांगल्या पाण्याने भरून वर झाकण ठेवा. मडक्यातून झिरपत झिरपत पाणी थेट मुळाशी जाते. झाकण विसरू नका, नाहीतर त्यातही डास होतील. पाणी नेहमी सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर द्या.

कुंपणाचे काम पुरुष मंडळींनी अंगावर घ्यावे. मार्चमध्ये मोहफुले, मे महिन्यात तेंदूपाने, मध्ये उन्हाळी धानाचे निंदण, या सगळ्यांत घरची बाई पहाटेपासून राबत असते. वर सांदवाडीही तिच्याच माथी मारली तर ती वाळणारच. खणणे, मांडव आणि कुंपण एवढे तरी घरच्या गड्यांनी करावे. बाईने पाणी घालावे, पोरांनी राखण करावी, असे वाटून घ्या.

सरपंच, ग्रामसेवक मंडळींसाठी

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत हा विषय जरूर घ्या. नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगर तालुक्यात टेंभुर्णी नावाचे गाव आहे. त्यांनी घरोघरी शोषखड्डे करून गल्लीतले सांडपाणी बंद केले आणि डास हटवले. आपल्या गावात ज्यांना सांदवाडी आहे त्यांचे पाणी वाफ्यात आणि ज्यांना जागा नाही त्यांचे शोषखड्ड्यात, असा ठराव करता येईल. हातपंपाच्या ओट्यावरून वाहणारे पाणी अंगणवाडीच्या किंवा शाळेच्या परसबागेत वळवा. शाळेला उन्हाळ्याची सुटी लागते तेव्हा ती बाग कोण भिजवणार, हे आत्ताच ठरवा. बचत गटाला तेवढे चार महिने बाग सोपवली आणि निघालेली भाजी त्यांनाच दिली, तर जूनमध्ये पोरे परत येतील तेव्हा बाग जिवंत असेल.

बियाणे आणि माती तपासणीबाबत आपल्या गावच्या कृषी कर्मचाऱ्याला विचारा, किंवा साकोलीच्या कृषी विज्ञान केंद्रात जा.

आता या आठवड्याचे काम. आज आणि उद्या मोरीचे पाणी मोजा. परवा त्या हिशेबाने दोरी धरून वाफ्याच्या चार कोपऱ्यांवर खुंट्या ठोका. मग कुंपण नीट करा आणि कुदळ घाला. खुंट्यांच्या बाहेर पाणी पुरणार नाही, तेव्हा तिकडे काही लावू नका. आतली जागा मात्र मृगापर्यंत वाळू देऊ नका.